विधवांचं कुरण

३ मार्च, रविवार

गार्थ सकाळी दारात उभा. बूट चिखलाने बरबटलेले म्हणून आत येईना. म्हणाला, गावसभा एप्रिलात घ्यायलाच हवी आणि अध्यक्षाच्या खुर्चीत तू बस.

का? तर ती ऑब्रेची होती म्हणून!

ऑब्रेचा कोटही खुंटीवर आहे. ऑब्रेची कवळी पेल्यात आहे. तीही मीच लावू का? — हे मनात. तोंडाने म्हटलं, बघू. गार्थने मान हलवली आणि तसाच उभा राहिला. मेंढरं राखणाऱ्याला उभं राहायची सवय असते. शेवटी मीच दार लावून घेतलं.

ऑब्रे जानेवारीत गेला. चर्चच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालत होता — गावाचा अध्यक्ष ना! — तिथेच खाली बसला तो उठला नाही. सांगायला ड्रुसिलाबाई आल्या, या वयात, टेकडी चढून. मी म्हटलं, बरं. मग ओव्हनमधला केक बाहेर काढला, करपला असता.

तेव्हापासून हे असं. दात उपटायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं. पण नुसता गाल नाही. मी सगळीच.

दफनाला माणसं म्हणाली, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा.

५ मार्च, मंगळवार

उपासांआधीचा धिरड्यांचा दिवस. केली. लिंबू, साखर, सगळं रीतसर. दोन खाल्ली. चव लागली नाही.

८ मार्च, शुक्रवार

व्हिटबीहून डोरीनचा फोन. धाकटी असून थोरलीसारखी बोलते. समुद्राकडची खोली रिकामी केलीय, पलंग टाकलाय, पडदे शिवलेत, आता नुसतं यायचं राहिलंय. मी म्हटलं, मेमध्ये येते. इथे काय नि तिथे काय! इथे खिडकीतून कुरण दिसतं. तिथे पाणी दिसेल. पाणी निदान हलतं.

घराला गिऱ्हाईकही आहे. वेल्डन. लंडनहून येऊन त्याने आमची जुनी शाळा राहायला घेतली. शाळेतली मुलं संपली, मग शाळा संपली, मग दारूचा गुत्ता, मग टपाल. उरलेल्या भिंती विकत घ्यायला असे लोक येतात. माणूस वाईट नाही. घरी भाजलेला पाव घेऊन आला होता. "घाई काही नाही, मिसेस पिकरिंग. तुमच्या सवडीनं." आणि बोलता बोलता जिन्याची उंची नजरेने मापत होता.

पाव दगडासारखा. कोंबड्यांना घातला. त्यांनीही विचार केला.

१४ मार्च, गुरुवार

आता कळलं गार्थ दारात का उभा होता ते. चर्चच्या फळीवर जिल्हा कचेरीचा कागद लागलाय. बारकी गावं मोठ्या गावांत विलीन करणार. आमचं स्निटलबी थॉरगममध्ये. आक्षेप असेल तर गावसभेने ठराव करून कळवावा. यंदा सभाच भरली नाही, किंवा अध्यक्ष मिळाला नाही, तर प्रश्न आपोआप मिटला असं समजण्यात येईल.

समजण्यात येईल! कोण समजणार, ते लिहिलेलं नाही.

ऑब्रे असता तर फळीसमोर तासभर उभा राहिला असता. मग घरी येऊन मला तेच सगळं वाचून दाखवलं असतं. त्याचं ठरलेलं भाषण होतं, येईल त्याला ऐकवायचा. राणीच्या काळात खेडोपाडी पंचायती आल्या तेव्हा स्निटलबी इतकं लहान निघालं की निवडून द्यायला माणसंच पुरेनात. म्हणून सरकारने सांगितलं, तुमच्याकडे सगळं गावच पंचायत. ज्याला मत आहे त्याने यावं, बसावं, बोलावं. "आमच्याकडे कुणी निवडून येत नाही. आमच्याकडे नुसते येतात." इथे तो हसायचा. लग्नापासून मी त्या जागी हसत आले.

थॉरगमवाल्यांशी आमचं ओढ्यापलीकडचं भांडण. पहिल्या महायुद्धात स्निटलबीचे गेलेले सगळे परत आले, एकही पडला नाही, म्हणून आमच्याकडे नावं कोरलेला दगड नाही. थॉरगमचा दगड दोन्ही बाजूंनी भरलेला. ते अजून म्हणतात, तुमचे लपून बसले असतील! शंभर वर्षं झाली, तरी म्हणतात.

पण खरी गोम कुरणाची. कुरण गावसभेचं आहे. सभा गेली की कुरण थॉरगमच्या पंचायतीकडे. त्यांना तिथे फुटबॉलच्या मैदानासाठी गाड्या लावायची जागा करायचीय. गार्थची मेंढरं गेली तीसेक वर्षं त्याच गवतावर वाढली. तोंडाने नाही बोलला तो हे. नुसता उभा राहिला.

मला वाईट वाटायला हवं होतं. बसून वाट पाहिली. नाही वाटलं.

२५ मार्च, सोमवार

दारात दोन पोती कोळसा!

हे कुरण एका विधवेने गावाला दिलं, पुढे ज्या राजाचं डोकं उडवलं त्याच्या काळात. त्याच्या भाड्यातून गावातल्या विधवांना दरसाल या दिवशी कोळसा द्यायचा. म्हणून नाव विधवांचं कुरण. पण स्निटलबीत बायकाच आधी मरतात. आमच्या आठवणीत कोळशाला कुणी धनीणच नव्हती, त्यामुळे भाडं रस्त्याकडेचं गवत कापण्यात जायचं. आता मी आहे. गावाला अखेर विधवा मिळाली.

आमच्या घरात ऊब द्यायला तेलाचा बंब आहे. शेकोटी ऑब्रेने कधीच विटा लावून बुजवली. गार्थला सांगितलं, अरे, मी हा जाळू कुठे? तो म्हणाला, ते कुरणाचं काम नाही. कोळसा पोचवणं हे काम.

पोती पडवीत ओढून घेतली. हात काळे झाले. खूप वेळ धुतले नाहीत. काही कारण नव्हतं.

३१ मार्च, रविवार

मातृदिन. चर्चमध्ये सगळ्या बायांना फुलं देतात, मूल असो नसो. मी गेले नाही. ड्रुसिलाबाई व्हायोलेटची जुडी घेऊन घरी आल्या. बसल्या. चहा प्यायल्या. त्यांचं घराणं इथलं सगळ्यात जुनं. चर्चमधल्या अर्ध्या फरश्यांवर त्यांचीच नावं. आपण ज्या दगडावर पाय देतो त्यावर आपल्याच आजोबांचं नाव, याची त्यांना मजा वाटते.

मी व्हिटबीचं सांगितलं. पलंग टाकलाय, मेमध्ये जाते. वेल्डन घर घेतोय. त्यांनी ऐकून घेतलं. "जा" नाही, "राहा" नाही. म्हातारी भारी चिवट.

निघताना म्हणाल्या, "खुर्चीत बसू नकोस. मी बसते. पण सभेला ये. येणारं माणूस कमी झालं की सभा होत नाही, नुसती गाठभेट होते."

येते म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात काही लागतं.

९ एप्रिल, मंगळवार

सभा झाली. लिहून काढते, नाहीतर उद्या वाटेल मी स्वप्नात पाहिलं.

सहाच्या आधी सभा सुरू करायची नाही असा कायदा. शेतावरची माणसं परत यायला हवीत म्हणून. आता शेतावर जाणारा गार्थ एकटा, तोही साडेपाचलाच येऊन बसलेला. तरी आम्ही सगळे चर्चच्या आवारात थडग्यांमध्ये सहा वाजायची वाट बघत उभे. ऑब्रेच्या मातीवर अजून गवत आलेलं नाही. सगळी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. अदब म्हणून.

आत कडाक्याची थंडी. कोट कुणी काढले नाहीत. ड्रुसिलाबाई खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला बसायचं असेल तर आत्ता सांगा. कुणी सांगितलं नाही. झाल्या अध्यक्ष.

विलीनीकरणावर वेल्डन चांगलं बोलला. खरंच चांगलं. थॉरगमला पगारी कारकून आहे, दिवे आहेत, आपल्याकडे एक खड्डा बुजवायला वर्ष लागतं. सगळं खरं. गार्थ उठला, म्हणाला, "खड्डा आपला आहे." आणि बसला. एवढंच त्याचं भाषण. हात वर झाले. वेल्डन आणि त्याची बायको सोडून सगळे वेगळं राहायच्या बाजूने. माझा हात मांडीवरच होता. तो ना इकडे गेला ना तिकडे. बाईंनी पाहिलं आणि मोजणी पुढे नेली.

मग मेणबत्ती.

कुरण वर्षाच्या भाड्याने लावायचं ते असंच, पहिल्यापासून. मेणबत्ती पेटवायची, ज्योतीखाली मेणात टाचणी खोचायची. मेण वितळून टाचणी पडेपर्यंत बोली. पडायच्या आधी शेवटचा आवाज ज्याचा, कुरण त्याचं. आणि एकदा काडी ओढली की उठायचं नाही, हलायचं नाही, बोलीशिवाय अक्षर काढायचं नाही. तोंडातून जो आवाज निघेल तो बोली धरला जातो, आधीच्यापेक्षा एका पौंडाने वर. म्हणून सगळे आधीच खोकून घेतात, खोकल्याच्या गोळ्या चघळतात. एरवी गार्थ एकदा बोलतो आणि बाकी गाव मूग गिळून बसतं. यंदा वेल्डनलाही कुरण हवं होतं. पाहुण्यांसाठी तंबू टाकणार म्हणे, आत गालिचेबिलिचे घालून.

टाचणी खोचायचं काम ऑब्रेचं असायचं. बाईंचे हात थरथरतात. टाचणी तिरपी गेली. त्यांनी काडी ओढली.

गार्थ बोलला. वेल्डन बोलला. गार्थ. वेल्डन. गार्थ. मग कुणीच नाही. सगळ्यांचे डोळे ज्योतीवर. मेणाचा एक ओघळ टाचणीच्या बाजूने खाली आला. टाचणी तिरपी म्हणून तो तिला सोडून गेला. मला वाटलं, ही काय सरळ पडायची नाही, लोंबकळत राहणार. आणि मनात आलं, घरी गेले की ऑब्रेला सांगते, बाईंनी टाचणी कशी खोचली ते. त्याला भारी हसू येईल.

घरी गेले की.

काय झालं ते मला सांगता येणार नाही. आवाज झाला. माझा. रडणं म्हणतात तसला नव्हता, गायीसारखा. पोटातून आला आणि मला थांबवता आला नाही, वर छतापर्यंत गेला. मग टाचणी पितळी ताटलीत पडली. ती सगळ्यांना ऐकू आली.

बाई म्हणाल्या, "कुरण हेस्टर पिकरिंगचं. पुढची मेणबत्ती लागेपर्यंत." दरसाल हेच शब्द म्हणतात.

वेल्डन उठला. बिचारा खरंच गोंधळला होता. म्हणाला, माफ करा, पण ती बोली नव्हती. मिसेस पिकरिंग रडत होत्या.

"हो," बाई म्हणाल्या. "आम्ही ऐकलं. माझ्या बापाला इथेच उचकी लागली, कुरण त्याच्या गळ्यात पडलं, वर्षभर आमच्या घरात बदकं होती. त्याने तक्रार केली नाही."

मी गार्थकडे बघायचं टाळलं. तीस वर्षं त्याने सांभाळलेलं गवत मी एका हुंदक्यात घेऊन बसले! तो टोपी शोधत होता. टोपी त्याच्या डोक्यावर होती.

१० एप्रिल, बुधवार

दुखलं. दिवसभर दुखलं. जिन्यात बसून रडले, कोंबड्यांसमोर रडले, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडले. बरं वाटलं असं मुळीच नाही. सुईचा गुण उतरतो तेव्हा कुणाला बरं वाटतं?

संध्याकाळी पुन्हा काही नाही. सगळं सपाट.

१२ एप्रिल, शुक्रवार

डोरीनला फोन केला. कुरण आपलं झालंय म्हटलं. "कसलं कुरण? हेस्टर, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" समजावून सांगितलं. कुरण ज्याचं त्याने गावात झोपायला हवं आणि मे महिना लागायच्या आत स्वतःचं एखादं जनावर तिथे चरायला सोडायला हवं. म्हणजे आता मेमध्ये येणं नाही. पुढच्या एप्रिलात दुसरी मेणबत्ती लागली, दुसऱ्या कुणाकडे कुरण गेलं, की येते. वर्षाचाच प्रश्न. ती म्हणाली, पलंग तसाच ठेवते.

वेल्डनलाही तेच सांगितलं. तो थांबतो म्हणाला. वर पाव दिला. हा जरा मऊ होता.

सोडून द्यावं की कुरण, असंही मनात येतं. जनावर नाही सोडलं की झालं, पुन्हा मेणबत्ती, गार्थ नाही तर वेल्डन घेईल. मला ना घेणं ना देणं. ठेवायचं तर फक्त हातपाय हलवायला हवेत, एवढंच. तेवढंही नको वाटतं.

३० एप्रिल, मंगळवार

गार्थ आला. आज आत आला, बूट काढून. मोज्याला भोक. मागे दोरीला एक मेंढी, तिला अंगणात बांधली. म्हातारी आहे, पुढचे दात पडलेले. म्हणाला, ही तुझी. हिला बाजारात कुणी घेत नाही आणि मला कापवत नाही. उद्याच्या आत कुरणात सोड.

मी म्हटलं, गार्थ, तुझ्या बाकीच्या मेंढ्या? थॉरगमच्या रस्त्याला एक तुकडा भाड्याने मिळालाय म्हणाला. लांब पडतो, गवत आंबट आहे. मेंढ्या काय, खातात.

मग मी विचारलं. त्या दिवसापासून डोक्यात होतं. टाचणी पडायच्या आधी वेळ होता, ओघळ बाजूने गेला होता, माझ्यानंतर तू बोलू शकला असतास.

"हो. वेळ होता."

"मग?"

तो मोज्याच्या भोकाकडे बघत होता. "तुझ्या रडण्यावर मी कसली बोली लावू, हेस्टर?"

चहा घेतला, मनुकांच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले, गेला. वेल्डनही बोलला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. त्या लंडनवाल्याचंही तोंड उघडलं नाही.

मेंढी मीच सोडली. फाटक उघडलं, ती आत गेली आणि उभीच राहिली. मीही. कुरणात मधोमध उभं राहायची माझी पहिलीच वेळ. नेहमी खिडकीतूनच पाहिलेलं. आत गेलं की ते उताराचं आहे, घरातून कळत नाही.

१९ मे, रविवार

तिला नाव ठेवलेलं नाही. एका वर्षासाठी कशाला?

६ जुलै, शनिवार

आज तिची लोकर गार्थने उतरवली. उघडी पडली तर केवढीशी निघाली! हसू आलं. मग लगेच ऑब्रेचा सदरा आठवला, शेवटी शेवटी अंगावर लोंबायचा. कुंपणाला धरून बसले. गार्थ कातर पुसत राहिला, फार वेळ.

रोज सकाळी कुरणात जाते. जावं लागतं. ती फाटकाशी येऊन ओरडते, गावाला वाटतं मीच मारते. बाकी दिवस तसाच. जेवते, झोपते. वाटत काही नाही, पण चुकून कधी कधी वाटतं, आणि तेव्हा नको होतं.

व्हिटबीच्या पलंगाला नवी गादी आणलीय म्हणे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कचेरीचा निर्णय आला. तुमच्या मतांबद्दल आभारी आहोत, एक एप्रिलपासून स्निटलबी थॉरगममध्ये, गावसभा बरखास्त. समजवायला कचेरीतली एक बाई जातीने आली होती. ड्रुसिलाबाईंनी गोड आवाजात विचारलं, थॉरगमची पंचायत मेणबत्ती लावणार का? छे, ती म्हणाली, तसली काही तरतूदच नाही. चालू करार मात्र मुदत संपेपर्यंत जसेच्या तसे राहतील. मग मुदत टिपून घ्यायला तिने पेन काढलं. ड्रुसिलाबाईंनी मुदत सांगितली. पुढची मेणबत्ती लागेपर्यंत. तिने ते लिहिलं, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

मेणबत्ती लावायचा हक्क गावसभेचा. पुढच्या एप्रिलात मेणबत्तीची वेळ येईल तेव्हा गावसभाच नसेल. म्हणजे मी जिवंत आहे आणि इथे झोपते आहे तोवर कुरण दुसऱ्या कुणाचं होत नाही, थॉरगमचंही नाही.

फाटकात गार्थ उभा होता. त्याला सांगितलं. त्याने सावकाश ऐकून घेतलं.

"म्हणजे आता तुला मरायची सोय नाही," तो म्हणाला.

बघते, म्हटलं.